हौदामागच्या शेंगा

फटाकडीचं पहिलं रोप दूध सोसायटीत कुणी आणलं, यावर माळटाकळीत अजून वाद होतात. जुने चेअरमन कानावर हात ठेवतात. सेक्रेटरी धर्मराज म्हणतो, बीडहून कुणी साहेब आले होते, त्यांनी शोभेची कुंडी म्हणून दिली. काही का असेना, आलं ते एकच रोप होतं, एवढं सगळ्यांना मान्य आहे. जांभळं कर्ण्यासारखं फूल, सकाळी उघडायचं आणि दुपारी गळायचं. दिसायला अगदी गरीब. त्या गरिबानं तीन वर्षांत सोसायटीचं सगळं आवार गिळलं. फरशीच्या फटीत फटाकडी, पायरीच्या बुडाशी फटाकडी, वजनकाट्याखाली फटाकडी. पंधरा ऑगस्टला झेंडा चढवायला गेले तर कट्ट्याच्या चिरेतून फटाकडी वर मान काढून उभी होती.

नाव पडलं ते शेंगेवरून. वाळलेली शेंग मुगाच्या शेंगेहून आखूड, तपकिरी, टोकदार. कोरडी असेपर्यंत महिना महिना मुकाट पडून राहील. पण पाण्याचा थेंब लागू द्या, की जरा दम धरून टक्कन फुटते आणि बी हातभर लांब फेकते. म्हणजे अक्कल बघा त्या झाडाची. पाणी आल्याची खात्री झाल्याशिवाय लेकरं घराबाहेर काढायची नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी माणसांना हे अजून जमलेलं नाही.

या झाडाशी लढायचं काम सारजाबाईकडं होतं. सारजाबाई म्हणजे सोसायटीची झाडलोट करणारी, दुधाचे कॅन धुणारी, हौदाची किल्ली कंबरेला बाळगणारी. साठीला टेकलेली, अंगानं वाळकी, जिभेनं नाही. तिनं फटाकडी उपटून बघितली, तर मुळाच्या गाठी जमिनीत राहून पंधरा दिवसांत दुप्पट उगवली. चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं, तर फटीतल्या शेंगा टकाटका फुटल्या आणि बी पलीकडच्या फटीत गेलं. शेवटी तिला उमगलं की झाडाशी भांडण्यात अर्थ नाही, शेंगा धरायच्या. फूल गळालं की शेंग धरते, ती वाळायच्या आत खुडायची आणि पत्र्याच्या डब्यात कोरडी ठेवायची. तसे दोन डबे भरून तिनं कॅनच्या खोलीत आढ्याला टांगले होते. उकिरड्यावर टाकाव्यात तर उकिरड्यावर उगवतील, जाळाव्यात तर वारा दोन-चार उडवून नेईल. डब्यात बऱ्या.

आणि खरं सांगायचं तर तिला त्या शेंगांचा नाद लागला होता. धर्मराज फॅट काढायच्या यंत्रापाशी गंभीर तोंड करून बसायचा, तेव्हा त्याच्या बशीतल्या चहात ती हळूच एक शेंग सोडायची. धर्मराजनं बशी तोंडाशी न्यावी आणि टक्. चहा मिशीवर, बी चष्म्यावर. "मावशी, एक दिवस माझा डोळा जाईल," असं तो दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी तसाच बेसावध बशी उचलायचा.

ते साल दोन हजार पंधराचं. पोळा कोरडाच गेला, बैलांच्या शिंगांचा रंग तेवढा ओला. विहिरी आखाडातच खडखडीत झालेल्या. नेकनूरकडून तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि सोसायटीचा हौद भरून जायचा. त्या हौदातून समोरच्या हाळात सभासदांच्या जनावरांना पाणी सुटायचं, कॅन धुतले जायचे, उरलं तर गावाला. हौदाला लोखंडी झाकण, समोरच्या तोटीला जाळी, दोन्हींच्या कुलपांना एकच किल्ली आणि ती सारजाबाईच्या कंबरेला. कॅनचं धुवण ती आपल्या शेळीला न्यायची, ते हक्काचंच होतं. आणि कधीमधी घरी जाताना एखादा तांब्या. पण तांब्याला कुणी चोरी म्हणत नसतं.

घोटाळा असा झाला की तीन दिवस पुरणारा हौद दोन दिवसांत तळाला जाऊ लागला. सारजाबाई चिंचेची काठी बुडवून पाणी मोजायची, काठीला कोळशाची रेघ मारायची. संध्याकाळची रेघ आणि दुसऱ्या दिवशी दूध घालून लोक गेल्यानंतरची रेघ, यांत रोज दीड वितीचा फरक. तिसऱ्या दिवशी गाई हाळाचं कोरडं सिमेंट चाटायच्या आणि गडी माणसं सारजाबाईच्या कंबरेकडं बघायची.

चेअरमन सुंदरराव, गाव त्यांना नाना म्हणायचं. माणूस तसा सरळ, पण नाकानं कांदे सोलणारा. कडक इस्त्रीची पांढरी पँट, पांढरा शर्ट, आणि गुलाबांचं वेड. निवडून आल्याबरोबर सोसायटीच्या दारापुढं त्यांनी तीस गुलाब लावले होते. सोसायटी म्हणजे गावाचं तोंड, असं त्यांचं म्हणणं. त्या दुष्काळातही गुलाब टवटवीत होते आणि नाना येईल त्याला ऐकवायचे की सोसायटीचा एक थेंब यांना लागत नाही, माझ्या घरच्या विहिरीवरून रोज दोन घागरी येतात. घागरी त्यांच्या मालकीण वच्छलाबाई आणायच्या. गुलाबांना पाणी तीच बाई घालायची, काटे तिलाच लागायचे, आणि फुलाचं कौतुक मात्र नानांचं व्हायचं.

एक दिवस नानांनी सारजाबाईला फरशीवर उभं केलं. संचालक धोंडीराम शेजारी होता. हा धोंडीराम म्हणजे जुना पंच, मोठ्या आवाजाचा, दुसऱ्यानं काही म्हटलं की अनुमोदन द्यायला टपलेला. नानांनी फटीतल्या जांभळ्या फुलांकडं बोट केलं.

"सारजाबाई, या सालात बाभळीसुद्धा वाळल्या. मग तुमच्या फटाकडीला फुलं कामून येतात?"

सारजाबाईनं सांगितलं की तिला पाणी लागत नाही, मुळाला गाठी आहेत, त्यावर ती जगते. तिनं एक रोप उपटून गाठी दाखवल्यासुद्धा. पण गाठीवर कोण विश्वास ठेवणार? लोकांना फूल दिसत होतं. किल्ली हिच्याकडं, फुलं हिच्या हाताखालची, मग पाणी कुठं मुरतंय हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा, असं धोंडीराम म्हणाला आणि आपल्याच बोलण्याला मान डोलावली. गंमत बघा, पाण्याशिवाय जगणारं फूल चोर ठरलं. रोज दोन घागरी पिणारे तीस गुलाब समोर उभे होते, त्यांच्याकडं कुणी मान वळवली नाही. गुलाब चेअरमनचे होते ना.

महिनाअखेरीला वार्षिक सभा होती. धर्मराजनं विषयपत्रिका फळ्यावर चिकटवली. विषय क्रमांक सात, हौदावरील कामगार श्रीमती सारजाबाई यांना कामावरून कमी करणेबाबत. आणि तोंडी हुकूम असा की सभेच्या दिवशी आवारात एकसुद्धा फटाकडी दिसता कामा नये.

सारजाबाईला वाचता येत नव्हतं, धर्मराजनंच मान खाली घालून वाचून दाखवलं. दसरा झाला की लेक आणि सून टोळीबरोबर ऊसतोडीला निघणार होते. सोसायटीचं काम गेलं तर तिलाही गाडीत बसावं लागणार होतं. बावीस हंगाम तिनं उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या होत्या. तिच्या मानेला अजून खळगा होता, गुडघे उठता-बसता बोलायचे. शेवटच्या हंगामात ती फडातच पडली होती, आणि शुद्धीवर आल्यावर तिनं देवीला सांगितलं होतं की आता मेले तर गावात मरीन, पाचटात नाही. विषयपत्रिका ऐकली त्या रात्री ती रडली आणि नंतर तिला राग आला. पाणचोर म्हणून नाव घेऊन फडात जायचं? बावीस वर्षं घाम गाळून शेवटी हे नाव?

राग आला की सारजाबाईची खोड जागी व्हायची.

तिला एक गोष्ट कळली होती. पाणी जातं ते सकाळी, दूध घालायच्या वेळेला. लोक येरवाळी, भल्या सकाळी, किटल्या घेऊन यायचे, दूध मोजून द्यायचे. ती तेव्हा समोर कॅन धूत असायची, हलता यायचं नाही. दूध घालून झालं की गडी एकेक करून हौदाच्या मागं लघवीला जायचे. ती जागा गड्यांची. बाईमाणसानं सकाळच्या वेळी तिकडं फिरकायचं नाही, असा अलिखित कायदा होता. आणि आता विचार करता तिला वाटलं, या साली सभासदांना लघवी फार लागते. घोटभर पाणी प्यायला मिळत नाही आणि एकेकजण दोन-दोनदा जातोय. तेही रिकामी किटली हातात घेऊन. किटली खाली ठेवून जायला काय झालं?

संध्याकाळी आवार रिकामं झाल्यावर तिनं डबा उतरवला. तीन ठिकाणी मूठ मूठ शेंगा टाकल्या. एक समोरच्या तोटीखाली, एक झाकणाच्या कडेला, आणि तिसरी, नाकाला पदर लावून, हौदाच्या मागच्या भिंतीपाशी. कोरडी शेंग खोटं बोलत नाही. पाणी लागलं तर फुटेल, नाही तर पडून राहील.

दुसऱ्या दिवशी लोक पांगल्यावर तिनं जाऊन बघितलं. झाकणाच्या कडेच्या शेंगा जशाच्या तशा. तोटीखालच्या फुटलेल्या, पण तिथं तिचीच ये-जा होती, ते सोडून द्या. मागच्या भिंतीजवळची एकही शेंग धड नव्हती. सगळ्यांची तोंडं वासलेली, माती ओली. वाकून बघते तर भिंतीत घोट्याएवढ्या उंचीवर एक भोक, त्यात चिंधी गुंडाळलेला लाकडी गुट्टा बुचासारखा ठोकलेला. हौद धुताना पाणी काढून टाकायला गवंड्यानं ठेवलेलं भोक ते. हौद बांधताना सगळं संचालक मंडळ मागं हात बांधून देखरेखीला उभं होतं. म्हणजे गुट्टा प्रत्येकाला ठाऊक होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्यालाच ठाऊक आहे.

आता तिथल्या तिथं गुट्टा नानांना दाखवता आला असता. पण सारजाबाई बावळट नव्हती. गुट्टा तूच काढतेस, म्हणून तर तुला ठाऊक, असं धोंडीराम म्हणाला असता आणि बाकीच्यांनी माना हलवल्या असत्या. चोर दाखवायचा तर माणूस दाखवायला हवा, भोक नव्हे.

विचार करत ती कॅनच्या खोलीत बसली आणि लुगड्याच्या काठाकडं तिचं लक्ष गेलं. काठाला दहा-बारा चपट्या बिया चिकटल्या होत्या. ओलं झालं की हे बी बुळबुळीत होतं आणि वाळलं की खळीनं चिकटवल्यासारखं बसतं. झटकून निघेना, चोळून निघेना, नखानं खरवडावं लागलं. खरवडता खरवडता सारजाबाई थांबली. मग एकटीच हसायला लागली. शेळीनं चघळणं थांबवून तिच्याकडं बघितलं.

सभेपर्यंतचे आठ दिवस तिनं इमानेइतबारे हुकूम पाळला. पायरी, फट, कट्टा, काटा, सगळीकडची फटाकडी काढली, शेंग न् शेंग खुडून डब्यात भरली. नाना खूश झाले. धोंडीराम म्हणाला, बघा, धाक पाहिजे. सभेच्या आदल्या संध्याकाळी सारजाबाई दोन्ही डबे घेऊन हौदामागं गेली आणि गुट्ट्याच्या पुढ्यात सगळ्या शेंगा ओतून पायानं सारख्या पसरल्या. वरून मूठभर पाचोळा टाकला.

माळटाकळीच्या सोसायटीची वार्षिक सभा सकाळी आठला असते. कारण कोरम. दुपारी बोलावलं तर पाच माणसं येत नाहीत, मग दूध घालायला आलेल्यांनाच तसंच बसवून घ्यायचं, हा जुना शिरस्ता. अंगावर जे असेल ते घालून, शेजारी किटली ठेवून लोक सभेला बसतात. सारजाबाईच्या सगळ्या बेताची भिस्त त्या शिरस्त्यावर होती.

त्या सकाळी ती समोर कॅन घासत होती आणि कान हौदामागं होता. पहिला गडी मागं गेला. जरा वेळानं टक्. मग टक्-टक्. मग लाह्या फुटाव्यात तशी तडतड. गडी परत आला तो जरा भांबावलेला, किटली जड आणि चाल हलकी. पण बोलणार कुणाशी? हौदामागं शेंगा का टाकल्या, असं विचारायला जावं तर तू तिथं पाणी का सांडलंस, हे आधी सांगावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दुसरा गेला, तिसरा गेला. सारजाबाई घासलेलाच कॅन पुन्हा घासत होती, हसू दाबताना तिच्या पोटात कळ आली. मोजता मोजता ती नऊवर आली आणि मग तिचं हसू जरा कमी झालं. तिला एक चोर हवा होता. एवढे नको होते.

सभा सुरू झाली. फरशीवर सतरंजी, नाना खुर्चीवर, धर्मराज टेबलापाशी वही घेऊन. गडी माणसं समोर मांडी घालून, डाव्या अंगाला सात-आठ बाया, त्यांत वच्छलाबाई. पहिले सहा विषय धर्मराजनं घडाघडा वाचले आणि लोकांनी मंजूर मंजूर करून टाकले. सातवा आला. नानांनी उभं राहून सांगितलं की आपल्याला कुणाचं वाईट करायचं नाही, पण पाण्याची चोरी म्हणजे जनावरांच्या तोंडचा घास काढणं आहे. नानांना तसं मनापासून वाटत होतं. धोंडीरामनं तिथल्या तिथं अनुमोदन दिलं. मग नाना म्हणाले, सारजाबाईला काही म्हणायचं असलं तर म्हणू द्या, सहकार आहे.

सारजाबाई दोन्ही रिकामे डबे घेऊन पुढं आली. तिनं ते खाली ठेवले.

"नाना, तुमी म्हनले फटाकडी काढा. काढली. हे दोन डबे भरून शेंगा निघाल्या. काल सांजच्याला त्या समद्या हौदामागं वतल्या, भोकाच्या गुट्ट्यापाशी. कोरडी शेंग फुटत न्हाई, हे बारकं लेकरूबी सांगल. पानी सांडलं तरच फुटती. आन् वलं बी चिकटलं, की नखानं खरवडल्याबिगर निघत न्हाई. मला काढायला हात वर करायचे तर करा. फकस्त त्याच्या आधी आपापल्या पायाकडं बघा."

नंतर एक अजब हालचाल झाली. मांडी घातलेले गडी पाय आत ओढू लागले. कुणी धोतराचा सोगा गुडघ्याखाली दाबला, कुणी टोपी काढून घोट्यावर ठेवली. धर्मराज वहीत लिहिता लिहिता खाली वाकला, आपल्या पँटच्या मोहरीकडं बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला. ओळीनं बघत गेलं तर तपकिरी टिकल्यांची रांगच होती. सोसायटीत दुसरं काही धड सहकारानं झालं नसेल, चोरी मात्र सहकारानं झाली होती. आणि मजा अशी की प्रत्येकजण शेजाऱ्याचा पाय बघून चकित होत होता. आपण काय, एक किटली नेतो. किटलीला का कुणी चोरी म्हणतं? पण हा बी?

धोंडीरामचं धोतर काठोकाठ भरलं होतं. त्यानं खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला की हा पुरावा काही खरा नव्हे, गडी माणसं तिकडं लघवीला जातात, लघवीनंही शेंग फुटते.

धर्मराज वर न बघता म्हणाला, "मंग तसं लिहू का? संचालक धोंडीराम हे सभासदांच्या हौदाला लागून लघवी करत होते. अनुमोदन कुणाचं घेऊ?"

बाया आधी हसल्या. मग गडी हसले, पाय लपवत लपवत. धोंडीराम खाली बसला आणि त्यानंतर त्या सभेत त्यानं कशालाच अनुमोदन दिलं नाही.

नाना एकटे हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ज्या मंडळींच्या जिवावर आपण बोलत होतो त्यांचे पाय बघून माणसाला खरंच लागलं होतं. ते खुर्चीपुढं आले, पांढऱ्या पँटच्या मोहऱ्या चिमटीत धरून सगळ्यांना दाखवल्या. पँट स्वच्छ होती, एक ठिपका नव्हता.

"हे बघा. माझ्या पायाला एक बी दाखवा. चेअरमन हाय म्हणून सांगत नाही, पण माझ्या घरात सोसायटीचा थेंब गेला नाही. माझे गुलाबसुद्धा माझ्या विहिरीवर हायेत."

डाव्या अंगाला वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या. हिरव्या लुगड्याचा काठ त्यांनी जरासा पुढं केला. काठावर बी असं बसलं होतं की जणू नक्षीच विणलीय.

"तुमची विहीर आखाडातच आटली," त्या म्हणाल्या. "तुमी कधी वाकून बघितली का?"

नानांच्या चिमटीतून पँटच्या मोहऱ्या सुटल्या. माणूस गावभर हिंडला होता, टँकरसाठी बीडच्या कचेऱ्यांत खेटे घालून आला होता, पण घरची घागर कशी भरते हे त्यानं लग्न झाल्यापासून बघितलं नव्हतं. वच्छलाबाई पुढं म्हणाल्या की सांगणार होते, पण गुलाब वाळले असते तर तुमचं तोंड बघवलं नसतं. रोज दिवस उगवायच्या आधी त्याच भोकातून दोन घागरी काढत होते. पाप लागलं तर मला लागू द्या, या बाईला नको.

सारजाबाईला हे अपेक्षित नव्हतं. वच्छलाबाईवर तिनं जाळं टाकलंच नव्हतं. नानांची जिरावी असं मात्र तिला गेले पंधरा दिवस वाटत होतं, आणि आता तो उभा माणूस खुर्चीचा हात धरून बसला तेव्हा तिला त्याची दया आली. दया आल्याचा तिला जरा रागही आला.

नाना म्हणाले, "धर्मराज, सातवा विषय खोडा."

"खोडता येत न्हाई नाना, छापील हाय. चर्चेअंती सोडून दिला, असं लिहितो."

"लिहा. आणि किल्ली सारजाबाईकडंच राहील, हे पण लिहा." त्यांनी दारापुढच्या गुलाबांकडं बघितलं. "गुलाब उद्या उपटून टाका."

तेव्हा सारजाबाई बोलली. गुलाबांनी काय घोडं मारलंय, ती म्हणाली, कॅनचं धुवण माझ्या शेळीला जातं, त्यातलं निम्मं गुलाबांना घालीन. शेळी काही ठराव मांडायला येत नाही. यावर नाना पहिल्यांदा हसले, पण ओठातल्या ओठात. सभेनं आठवा विषय आयत्या वेळचा म्हणून घेतला. गुट्ट्याचं भोक सिमेंटनं बुजवायचं, आणि हौदाच्या चारी बाजूंनी फटाकडी लावायची, तिला कुणी उपटायचं नाही. बिनपगारी राखणदार, असं धर्मराजनं कंसात लिहिलं होतं, नानांनी ते तेवढं खोडायला लावलं. मतदान हात वर करून झालं. हात सगळ्यांचे वर होते आणि नजरा सगळ्यांच्या खाली.

सभा उठली. ज्यांच्या किटल्या भरलेल्या होत्या त्यांची पंचाईत झाली. घरी न्याव्यात तर सगळं गाव बघतंय. शेवटी त्रिंबक नावाचा एक म्हातारा सभासद काही न बोलता हाळापाशी गेला आणि त्यानं किटली त्यात उपडी केली. मग दुसरा गेला. वच्छलाबाईंची घागरही आली. हाळ काठापर्यंत भरला आणि गाई धावत आल्या. त्या दिवशी संध्याकाळी मारलेल्या रेघेखाली दुसऱ्या दिवशी पाणी बोटभरही उतरलं नाही.

दसऱ्यानंतर टोळीची गाडी निघाली तेव्हा सारजाबाई सोसायटीच्या दारात उभी राहून नातवंडांना हात करत होती. गाडी फाट्यावर वळेपर्यंत ती हलली नाही. मग डोळे पुसून आत आली आणि धर्मराजच्या बशीत शेंग सोडली.

पुढं माळटाकळीत हा किस्सा फार रंगवून सांगितला जायचा. कुणाकुणाच्या धोतराला किती बिया होत्या याचे आकडे दर वर्षी वाढत गेले. एवढ्या सगळ्यांत एकाच माणसाच्या काठाला बी नव्हतं ते सारजाबाईच्या, असं सांगून लोक तिला हात जोडायचे आणि ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. आदल्या सांजेला घरचा तांब्या भरताना तोटीखाली सांडलेल्या दोन-चार शेंगा फुटून तिच्याही काठाला बी चिकटलं होतं. सभेच्या दिवशी येरवाळी, कुणी यायच्या आत, तोटीखाली उभं राहून तिनं आपल्या लुगड्याचा काठ नखानं खरवडून स्वच्छ धुतला होता. एका तांब्यात काम भागलं. आणि तांब्याला कुणी चोरी म्हणत नसतं.